कुठूनही मुळापर्यंत : बदलांची नोंद ठेवणारे एक साधन

मुरबाड तालुक्यातील वैशाखरे गावाच्या बाजूने नाणेघाट चढून गेले की माथ्याजवळच्या लेण्यात सातवाहनकालीन लेख दिसतो. ब्राह्मी लिपीतील या लेखात यज्ञप्रसंगी दिलेल्या गाई, घोडे आणि नाणी यांचे आकडे कोरलेले आहेत. भारतातील अंकलेखनाच्या अगदी जुन्या पुराव्यांत त्याची गणना होते. ज्यांनी पाठीवर ओझी घेऊन हा घाट चढला, त्यांची नावे मात्र त्या भिंतीवर नाहीत. ज्याच्या हाती छिन्नी आणि सत्ता, त्याचा इतिहास दगडावर राहिला. बाकीच्यांचा इतिहास तोंडी राहिला आणि सांगणाऱ्याबरोबर संपत गेला.

ही उणीव आपल्या परीने भरून काढावी, या हेतूने शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील विद्यार्थ्यांनी आपापल्या गावच्या, पाड्यांच्या व वस्त्यांच्या आठवणी टिपून संगणकावर ठेवाव्यात, असे आम्ही शिक्षक नेहमी सांगतो. परंतु आठवण टिपणे हा कामाचा अर्धाच भाग आहे. टिपलेला मजकूर पुढे बदलतो. कोणी शुद्धलेखन सुधारतो, कोणी वाक्य सौम्य करतो, कोणी नको असलेला परिच्छेद गाळतो. समजा, एका आजींनी सांगितले, ‘आम्हाला विहिरीवर चढू देत नसत.’ दोन हातांतून फिरून तेच वाक्य ‘गावात पाण्याची अडचण होती’ असे झाले, तर भाषा नीटनेटकी होते; पण इतिहास पुसला जातो. म्हणून मूळ काय होते, कोणी बदलले, केव्हा आणि कशासाठी, हे कायम दिसत राहिले पाहिजे. या कामासाठी संगणकाच्या जगात जे साधन आहे, त्याचा परिचय करून देणे आणि ते कोणत्याही उपफोल्डरातून बिनचूक कसे चालवावे हे सांगणे, हा या लेखाचा उद्देश आहे.

फेरफाराची ओळख

ही कल्पना आपल्या ग्रामीण वाचकांना नवीन नाही. सातबाऱ्यावर एखाद्या खातेदाराचे नाव बदलते तेव्हा जुने नाव खोडरबराने पुसले जात नाही, ते कंसात जाते. त्याच्याशेजारी वर्तुळात फेरफाराचा क्रमांक येतो. तो क्रमांक घेऊन गाव नमुना सहामध्ये, म्हणजेच फेरफार नोंदवहीत पाहिले की बदल कशामुळे झाला, केव्हा झाला आणि तो कोणी प्रमाणित केला हे कळते. सातबारा म्हणजे आजची स्थिती आणि फेरफार म्हणजे त्या स्थितीपर्यंत येण्याचा प्रवास. दोन्ही मिळूनच जमिनीचा इतिहास पूर्ण होतो.

या नोंदींचे मोल आपल्या समाजाइतके क्वचितच कोणाला ठाऊक असेल. महार वतनाच्या जाचातून समाजाला सोडवण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९ मार्च १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले. पुढे १९५८च्या कायद्याने कनिष्ठ गाववतने संपुष्टात आली. त्या जमिनी नंतर कोणाकडे गेल्या, कशा गेल्या, हे शोधायचे तर जुने फेरफारच उघडावे लागतात. आणि येथेच अडचण असे. नोंद होती, पण ती पाहायला गाव सोडून तालुक्याला जावे लागे. डोळखांब किंवा टोकावडे परिसरातील मजुराला एका कागदासाठी दिवसाची मजुरी बुडवावी लागे. ज्याच्यासाठी नोंद ठेवायची त्याला ती आपल्या जागेवरून पाहता येत नसेल, तर त्या नोंदीचा अर्धा उपयोग वाया जातो.

दुसरे उदाहरण संविधानाचे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत केलेल्या भाषणात बाबासाहेबांनी मसुद्याचा हिशेबच सभागृहापुढे ठेवला. घटनात्मक सल्लागारांच्या मूळ मसुद्यात २४३ अनुच्छेद व १३ परिशिष्टे होती. मसुदा समितीच्या पहिल्या मसुद्यात ३१५ अनुच्छेद व ८ परिशिष्टे झाली. विचारविनिमयाचा टप्पा संपला तेव्हा अनुच्छेद ३८६ झाले आणि अंतिम रूपात ३९५ अनुच्छेद व ८ परिशिष्टे राहिली. सुमारे ७,६३५ दुरुस्त्यांच्या सूचना आल्या व त्यांपैकी २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. हे सारे टप्पे जपले गेले म्हणूनच आज आपण सांगू शकतो की, अस्पृश्यता नष्ट करणारा अनुच्छेद १७ हा मसुद्यात अनुच्छेद ११ होता, तो २९ नोव्हेंबर १९४८ रोजी स्वीकारला गेला आणि त्या दिवशी नझीरुद्दीन अहमद यांनी सुचवलेली वेगळी शब्दरचना सभागृहाने नाकारली. केवळ अंतिम प्रत हाती असती, तर या वैचारिक झगड्याचा मागमूसही उरला नसता.

गिट म्हणजे काय

संगणकातील फायलींचे फेरफार नोंदवणाऱ्या साधनांना आवृत्ती-नियंत्रणाची साधने म्हणतात. त्यांचा इतिहास अर्ध्या शतकाचा आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत मार्क रॉकाइंड यांनी १९७२ साली अशी पहिली ठळक प्रणाली तयार केली. पुढे आरसीएस, सीव्हीएस, सबव्हर्जन अशा प्रणाली आल्या. आज सर्वाधिक वापरले जाणारे साधन म्हणजे गिट. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी ते एप्रिल २००५मध्ये लिहिले. ते विनामूल्य आहे, साध्या संगणकावरही चालते आणि रोजच्या कामाला इंटरनेटची गरज नसते. वीज आणि नेटवर्क या दोहोंचा भरवसा नसलेल्या आपल्या भागात हे शेवटचे वैशिष्ट्य फार मोलाचे आहे.

गिट ज्या फोल्डराची जबाबदारी घेते, त्या मुख्य फोल्डरात ते ‘डॉट गिट’ नावाचे एक लपलेले फोल्डर तयार करते. फेरफार नोंदवही ती हीच. आपण एखादा बदल कायम केला की त्याची नोंद होते. तिला कमिट म्हणतात. प्रत्येक नोंदीत बदल करणाऱ्याचे नाव, वेळ, कारण आणि आधीच्या नोंदीची खूण असते. ही खूण मजकुरावरूनच गणिताने काढलेली असल्याने जुन्या नोंदीतील एक अक्षर बदलले तरी तिची आणि तिच्यापुढील सर्व नोंदींची खूण बदलते. कोणी इतिहास नव्याने लिहायचा प्रयत्न केला, तर इतरांकडील प्रतींशी तो जुळत नाही. म्हणून संग्रहाची प्रत एकाच संगणकावर न ठेवता अनेकांकडे असावी. गिटमध्ये सहसा प्रत्येक प्रतीबरोबर संपूर्ण इतिहास जातो.

उभे राहावे तेथून मूळ कसे सापडते

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. समजा, आपल्या संग्रहाच्या मुख्य फोल्डराचे नाव ‘ग्रामेतिहास’ आहे. त्यात ‘शहापूर’ आणि ‘मुरबाड’ अशी दोन उपफोल्डरे आहेत. शहापूरमध्ये किन्हवली, डोळखांब, खर्डी. मुरबाडमध्ये सरळगाव, धसई, टोकावडे. आणि प्रत्येकात ‘पाणवठा’, ‘शाळा’, ‘स्थलांतर’ अशा फायली. डॉट गिट हे नोंदवहीचे फोल्डर मात्र एकच आहे आणि ते सर्वांत वर, ग्रामेतिहासात आहे. विद्यार्थी टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा टंकून काम करण्याच्या खिडकीत, ‘धसई’ या फोल्डरात उभा आहे. तेथे त्याने ‘गिट स्टेटस’ ही आज्ञा दिली. नोंदवही तर दोन पायऱ्या वर आहे. मग आज्ञा कशी चालते?

गिट प्रथम धसईत डॉट गिट शोधते. तेथे नसेल तर एक पायरी वर, मुरबाडमध्ये पाहते. तेथेही नसेल तर आणखी एक पायरी वर, ग्रामेतिहासात. तेथे ते सापडते आणि शोध थांबतो. सापडलेच नाही, तर डिस्कच्या अगदी मुळापर्यंत जाऊन गिट स्पष्ट सांगते की, हे फोल्डर किंवा त्याच्या वरचे कोणतेही फोल्डर गिटचे भांडार नाही. मूळ सापडले की गिट आणखी एक महत्त्वाची गोष्ट करते. आपण कोठून आलो हे ते लक्षात ठेवते. मुळापासून आपल्यापर्यंतचा ‘मुरबाड/धसई/’ हा मार्ग ते जपते आणि आपण ‘पाणवठा’ एवढेच म्हटले तरी त्याचा अर्थ ‘मुरबाड/धसई/पाणवठा’ असा लावते. शहापूर/डोळखांबमध्येही पाणवठा नावाची फाइल असली, तरी दोहोंत गोंधळ होत नाही.

ही सोय पहिल्या दिवसापासून नव्हती. एप्रिल २००५मधील गिट आपली नोंदवही उभे असू त्याच फोल्डरात शोधत असे. वर चढून पाहण्याची युक्ती नंतर जोडली गेली. सीव्हीएसने दुसरा मार्ग धरला होता. त्यात प्रत्येक उपफोल्डरात नोंदीचे वेगळे छोटे फोल्डर असे. सबव्हर्जनही बराच काळ तसेच करीत होते, २०११च्या १.७ या आवृत्तीपासून त्यानेही मुळाशी एकच नोंदवही ठेवली. मर्क्युरियल हे गिटचे समकालीन साधनही मूळ शोधण्यासाठी वरच चढत जाते. वेगवेगळ्या लोकांनी घडवलेली ही साधने शेवटी एकाच निर्णयावर आली. नोंदवही एकच असावी, पण ती प्रत्येक कोपऱ्यातून उघडावी.

संपूर्ण संग्रह की केवळ आपले फोल्डर?

आज्ञा कुठूनही चालते, याचा अर्थ प्रत्येक आज्ञेचा आवाका सारखाच असतो असे नाही. नवख्यांचा गोंधळ येथेच होतो. धसईत उभे राहून ‘गिट स्टेटस’ म्हटले, तर संपूर्ण संग्रहातील बदल दिसतात. शहापूरमधील बदलही दिसतात, फक्त त्यांचा पत्ता दोन पायऱ्या वर जाऊन खाली उतरणारा, म्हणजे दोन दोन टिंबांनी सुरू होणारा असतो. ‘गिट लॉग’ही सर्व इतिहास दाखवते. त्यापुढे एक टिंब दिले, तर केवळ या फोल्डराला स्पर्श करणाऱ्या नोंदी दिसतात. याउलट ‘गिट ग्रेप’ ही शब्द शोधणारी आज्ञा आणि ‘गिट एलएस-फाइल्स’ ही यादी देणारी आज्ञा, दोन्ही उभ्या जागेपासून खालीच पाहतात. धसईत ‘विहीर’ हा शब्द शोधून सापडला नाही, म्हणून संपूर्ण संग्रहात विहिरीचा उल्लेख नाही असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. संपूर्ण संग्रहात शोधायचे असेल, तर आज्ञेच्या शेवटी अपूर्णविराम व तिरकी रेघ ही जोडखूण द्यावी. तिचा अर्थ ‘मुळापासून’ असा होतो.

बदल नोंदीसाठी निवडणाऱ्या ‘गिट ॲड’ या आज्ञेलाही हेच लागू होते. तिच्यापुढे टिंब दिले तर उभ्या फोल्डरातील व त्याखालचे बदल निवडले जातात. ‘-ए’ हे मोठे अक्षर दिले तर २०१४च्या २.० या आवृत्तीपासून संपूर्ण संग्रहातील बदल निवडले जातात. धसईच्या विद्यार्थ्याने आपले काम नोंदवताना किन्हवलीच्या गटाचे अर्धवट काम नकळत नोंदवू नये, यासाठी हा भेद त्याला माहीत हवा. आणखी एक अपवाद ध्यानात ठेवावा. जुन्या नोंदीतील फाइल पाहण्यासाठी ‘गिट शो’ या आज्ञेत नोंदीचे नाव, अपूर्णविराम आणि फायलीचा पत्ता असे लिहितात. तेथे पत्ता मुळापासून धरला जातो. तो उभ्या जागेपासून धरायचा असेल तर पत्त्याच्या आरंभी टिंब आणि तिरकी रेघ द्यावी लागते.

मराठी नावांच्या बाबतीतही एक सूचना. फोल्डरांची नावे देवनागरीत ठेवली, तर गिट ती पडद्यावर आकड्यांच्या सांकेतिक रूपात दाखवते आणि विद्यार्थी बुचकळ्यात पडतो. मूळ नाव बिघडलेले नसते. ‘कोअर डॉट कोटपाथ’ या मांडणीला ‘फॉल्स’ असे मूल्य दिले की किन्हवली हे किन्हवली असेच दिसते. आपल्या गावाचे नाव आपल्या लिपीत दिसावे यासाठी ही एक आज्ञा प्रत्येक संगणकावर एकदाच द्यावी.

आपण लिहिलेल्या आज्ञा

काही काळ गेला की विद्यार्थी स्वतःच्या छोट्या आज्ञामालिका लिहू लागतात. कोणत्या गावची किती टिपणे झाली, कोणत्या फायलीत सांगणाऱ्याचे गाव लिहायचे राहिले, अशी तपासणी त्या करतात. अशी मालिका लिहिणारा ती बहुधा मुख्य फोल्डरात उभा राहून तपासतो. तेथे ती उत्तम चालते. दुसरा विद्यार्थी तीच टोकावडेच्या फोल्डरातून चालवतो आणि ती ‘फाइल सापडत नाही’ म्हणून थांबते. दोष विद्यार्थ्याचा नसतो. लिहिणाऱ्याने सर्वजण आपल्याच जागी उभे आहेत असे गृहीत धरलेले असते.

यावर उपाय दोन पायऱ्यांचा आहे. पहिली पायरी मूळ विचारण्याची. ‘गिट रेव्ह-पार्स --शो-टॉपलेव्हल’ ही आज्ञा संग्रहाच्या मुख्य फोल्डराचा पूर्ण पत्ता देते. मालिकेच्या आरंभी तो घेऊन तेथे जावे, म्हणजे पुढील सर्व पत्ते बिनचूक लागतात. पत्त्यात मोकळी जागा असू शकते, म्हणून तो अवतरणचिन्हांत ठेवावा. दुसरी पायरी बहुतेकजण विसरतात. मुळाकडे जाण्यापूर्वी ‘गिट रेव्ह-पार्स --शो-प्रिफिक्स’ या आज्ञेने वापरणाऱ्याची जागा विचारून ठेवावी. धसईत उभ्या असलेल्याला ‘मुरबाड/धसई/’ असे उत्तर मिळते. त्याने दिलेल्या फायलीच्या नावाआधी हा मार्ग जोडला नाही, तर मालिका मुळाशी जाऊन भलतीच फाइल शोधेल. गिटच्या मांडणीत उद्गारचिन्हाने सुरू होणाऱ्या स्वनिर्मित आज्ञा लिहिता येतात. त्या आपोआप मुळापासूनच चालतात आणि वापरणाऱ्याची जागा त्यांना ‘गिट-प्रिफिक्स’ या नावाने मिळते. एखादे काम दुसऱ्याच फोल्डरातून चालवायचे असेल, तर ‘गिट’नंतर ‘-सी’ हे मोठे अक्षर व त्या फोल्डराचा पत्ता द्यावा. जागा न सोडता काम होते.

वर आहे म्हणून विश्वास ठेवावा काय?

वर चढत जाऊन नोंदवही शोधण्याच्या या पद्धतीत एक धोका होता. सामायिक संगणकावर एखाद्याने वरच्या फोल्डरात आपलेच डॉट गिट ठेवले, तर खालच्या फोल्डरात काम करणाऱ्याचे गिट त्यालाच मूळ मानत असे आणि त्यातील मांडणीप्रमाणे परक्याच्या आज्ञाही चालवीत असे. म्हणून एप्रिल २०२२मध्ये गिटमध्ये सुधारणा झाली. आता गिट सापडलेल्या फोल्डराचा मालक कोण, हे आधी तपासते. तो आज्ञा देणारा नसेल, तर काम नाकारते. तो संग्रह विश्वासाचा आहे असे वापरणाऱ्याने ‘सेफ डॉट डिरेक्टरी’ या मांडणीत स्वतः लिहून दिले, तरच ते पुढे जाते. एकच संगणक अनेक विद्यार्थी वेगवेगळ्या नावांनी वापरतात, अशा आपल्यासारख्या शाळांत हा नकार वारंवार दिसतो. तो आला की वैतागून ‘सर्वच सुरक्षित’ असे लिहून मोकळे होऊ नये. आपला संग्रह कोणता, हे पाहून तेवढ्यालाच संमती द्यावी.

तथागतांनी कालामांना दिलेल्या उपदेशाचा गाभा हाच आहे. परंपरेने आले, वडीलधाऱ्यांनी सांगितले, एवढ्यावर काही मान्य करू नये. स्वतः पारखून घ्यावे. वरच्या पायरीवर आहे म्हणून ते खरे, ही समजूत या देशात कोणाच्या वाट्याला काय घेऊन आली, हे आपल्या विद्यार्थ्यांना वेगळे सांगायला नको. मुळाकडे जावे, पण ते मूळ आपले आहे याची खात्री करून जावे.

विद्यार्थ्यांस आणि माजी विद्यार्थ्यांस

आपल्या शाळेतून बाहेर पडलेले अनेक विद्यार्थी आज कल्याण, ठाणे, पुणे येथे संगणकाच्या क्षेत्रात नोकरी करीत आहेत. गिट त्यांच्या रोजच्या वापरातील आहे. आमची त्यांना विनंती आहे की, सुटीत गावी येताना त्यांनी हे कौशल्य शाळेच्या संगणक कक्षातही घेऊन यावे. एका दुपारी दहा मुलांना फेरफार नोंदवणे, मागची नोंद पाहणे आणि उपफोल्डरातून आज्ञा चालवणे शिकवता येते. विद्यार्थ्यांनीही प्रत्येक नोंदीत कारण लिहिण्याची सवय लावून घ्यावी. ‘दुरुस्ती’ एवढा एक शब्द पुरेसा नाही. ‘आजींच्या सांगण्यानुसार विहिरीचे ठिकाण दुरुस्त केले’ असे लिहावे.

गावातील ज्या माणसांनी चवदार तळ्याच्या सत्याग्रहाच्या गोष्टी आपल्या आईबापांच्या तोंडून ऐकल्या, ती पिढी आता थकली आहे. त्यांचे शब्द त्यांनी उच्चारले तसेच पहिल्या नोंदीत ठेवणे हे आपले काम आहे. नंतर कोणी त्यात बदल केला तर तो नावानिशी दिसेल आणि पहिले शब्दही जागेवर राहतील. मग ते वाचणारा डोळखांबच्या फोल्डरात उभा असो वा टोकावडेच्या.

जय भीम! नमो बुद्धाय!